फर्गी उघडताना

आमची गाडी बाहेर पावसात उभी असते आणि गॅरेजमध्ये एक ट्रॅक्टर आहे. शेत नाही, नांगरायला जमीन नाही, परसात मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे आहेत तेवढेच. तरी ट्रॅक्टर आहे. घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा आधी हसतो आणि मग विचारतो, "पण कशाला?" आता ह्या 'कशाला'चं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, म्हणून हा लेखप्रपंच.

ट्रॅक्टर आहे फर्ग्युसन टीई-२०, सन १९५२चा. टीई म्हणजे 'ट्रॅक्टर, इंग्लंड'. जिथे तो बनला ते कॉव्हेंट्री आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. रंग राखाडी, अंगापिंडानं लहान, वजन जेमतेम सव्वा टनाच्या आत. इथली म्हातारी माणसं त्याला प्रेमानं 'लिटल ग्रे फर्गी' म्हणतात. १९४६ ते १९५६ ह्या दहा वर्षांत असे पाच लाख सतरा हजारांच्या आसपास ट्रॅक्टर बनले. मी घेतला तेव्हा त्याचं इंजिन जाम होतं, टायर सुकून भेगाळलेले होते आणि सीटखाली कुठल्याशा पक्ष्यानं घरटं केलं होतं. सोबत एक पाना मिळाला. त्या पान्यावर इंचांच्या खुणा कोरलेल्या आहेत, म्हणजे तो पानाही आहे आणि फूटपट्टीही. नांगर, कुळव जे काही मागे जोडाल त्याचे नट ह्या एका पान्यानं फिरवायचे आणि नांगराची तासं बरोबर पडतायत की नाही हे त्याच पान्यानं मोजायचं. शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय असेल आणि काय नसेल, ह्याचा इतका विचार कुणी केला असेल, ह्याचंच मला आधी नवल वाटलं.

तो विचार करणारा माणूस म्हणजे हॅरी फर्ग्युसन. जन्म १८८४चा, उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउनचा, शेतकऱ्याचा मुलगा. पण शेतीकामाचा मनस्वी कंटाळा. भावाच्या गॅरेजमध्ये तो मोटारी दुरुस्त करायला शिकला, आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेलं विमान स्वतःच उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमानोड्डाण. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली तेव्हा सरकारनं आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांकडून नीट काम करून घ्यायची जबाबदारी ह्याच्यावर टाकली, आणि हिंडता हिंडता त्याच्या लक्षात आलं की दोष ट्रॅक्टरात नाही, दोष ट्रॅक्टर आणि नांगर ह्यांच्यामधल्या जोडणीत आहे.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. तेव्हाचे ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैल. बैलामागे जसा नांगर साखळीनं बांधायचा तसाच तो ट्रॅक्टरमागे बांधायचे. बैलाला दगड लागलेला कळतो, तो थांबतो. ट्रॅक्टरला काय कळणार! फाळ दगडात किंवा मुळात अडकला की नांगर थांबायचा, मागची चाकंही थांबायची, पण इंजिन जोर लावतच राहायचं. मग ट्रॅक्टर स्वतःच मागच्या आसाभोवती फिरायचा, पुढची चाकं हवेत, आणि क्षणार्धात सगळं धूड चालवणाऱ्याच्या अंगावर. फोर्डसन ट्रॅक्टर ह्या बाबतीत विशेष बदनाम होता. शिवाय चाकांना पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर वजनदार करायचे आणि त्या वजनानं माती दबून जायची ती वेगळीच.

फर्ग्युसननं नांगर ट्रॅक्टरचाच अवयव करून टाकला. खाली दोन दांडे, वर एक, असा तीन ठिकाणी जोडलेला. हा तिकोनी सांधा आज आपल्याकडच्या कुठल्याही गावात कुठल्याही ट्रॅक्टरमागे दिसतो. रोटाव्हेटर जोडा, पल्टी नांगर जोडा, पेरणी यंत्र जोडा, सांधा तोच. ह्यातली गंमत वरच्या दांड्यात आहे, ज्याला सगळे टॉप लिंक म्हणतात. फाळ मातीत ओढला जाताना नांगर वरच्या अंगानं पुढे कलायला बघतो, त्यामुळे टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलतो आणि ट्रॅक्टरचं नाक खाली दाबलं जातं. म्हणजे जो जोर पूर्वी ट्रॅक्टर उलटवायचा, तोच आता त्याला जमिनीवर धरून ठेवतो! माती जड लागली की ह्याच दांड्यामागची स्प्रिंग दबते, तिला जोडलेला वॉल्व्ह उघडतो, हायड्रॉलिक लिफ्ट नांगर किंचित वर उचलते आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. वजन लोखंडात घालायचं नाही, कामातून उसनं घ्यायचं. ह्याचं पेटंट त्यानं १९२०च्या दशकात घेतलं, पण ते खऱ्या अर्थानं शेतात चालायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. १९३६ साली डेव्हिड ब्राउन ह्या गिअर बनवणाऱ्या कारखानदाराबरोबर त्यानं पहिला ट्रॅक्टर बाजारात आणला. चांगला होता, महाग होता, फारसा खपला नाही.

मग १९३८ साली फर्ग्युसन तो ट्रॅक्टर बोटीत घालून अमेरिकेला घेऊन गेला आणि हेन्री फोर्डच्या घराजवळच्या शेतात नांगरून दाखवला. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, त्याला बघताक्षणी उमगलं. दोघांनी हातात हात दिला आणि करार झाला. कागद नाही, सही नाही, वकील नाहीत. फोर्डनं ट्रॅक्टर बनवायचे, फर्ग्युसननं विकायचे. १९३९ साली त्यांचा ट्रॅक्टर आला आणि युद्धाच्या काळात तो लाखांनी खपला. पण फोर्ड म्हातारा झाला, कारभार नातवाकडे गेला, आणि नातवाला ह्या हस्तांदोलनात फक्त तोटा दिसत होता. १९४६ साली फोर्डनं अंग काढून घेतलं आणि पुढच्याच वर्षी तीच लिफ्ट, तोच सांधा असलेला स्वतःचा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसननं कोर्टात धाव घेतली आणि पंचवीस कोटी दहा लाख डॉलरची भरपाई मागितली. त्या खटल्याचं पुढे काय झालं ते येईलच.

इंग्लंडात मात्र तोवर सोय लागली होती. कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेनवर युद्धात विमानांची इंजिनं बनवणारा एक प्रचंड कारखाना होता. युद्ध संपलं आणि तो रिकामा झाला. तो चालवणाऱ्या स्टँडर्ड मोटर कंपनीला काम हवं होतं, फर्ग्युसनला कारखाना हवा होता. जुलै १९४६ मध्ये पहिला टीई-२० बाहेर पडला. सुरुवातीला इंजिनं अमेरिकेहून, कॉन्टिनेंटल कंपनीची यायची. पण स्टँडर्ड तेव्हा आपल्या व्हॅनगार्ड मोटारीसाठी नवीन चार सिलिंडरी इंजिन तयार करत होती, त्याच घराण्यातलं इंजिन लवकरच ट्रॅक्टरला बसलं. पुढे तेच वाढवून-घटवून ट्रायम्फच्या टीआर-२ ह्या स्पोर्ट्स कारमध्येही गेलं. म्हणजे एक भाऊ शेतात आणि एक भाऊ शर्यतीत. माझ्या ट्रॅक्टरचं इंजिन २०८८ सीसीचं आहे, आणि आता आपण त्याच्याकडेच वळू.

टीई-२०ला चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस एकामागोमाग एक बोल्टांनी जोडले की तोच पाठीचा कणा. त्यामुळे इंजिनचं मोठं काम काढायचं तर ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो. पुढच्या आसावर लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, म्हणजे पुढचा भाग एका अंगाला कलंडत नाही. मागचा भाग ठोकळ्यांवर टेकवायचा. बोल्ट काढायचे, आणि इंजिनवाला अर्धा भाग हळूहळू पुढे ढकलायचा. मी आणि शेजारचे आजोबा, दोघांनी मिळून हे एका शनिवारी केलं. आजोबा ऐंशीच्या पुढचे, तरुणपणी अशाच फर्गीवर बीट आणि बटाटे काढलेले. त्यांचं काम मुख्यतः खुर्चीवर बसून 'घाई नको' असं म्हणण्याचं होतं आणि ते त्यांनी चोख केलं.

इंजिन जाम का झालं होतं, तर पाण्यामुळे. हेड गॅस्केटमधून पाणी तिसऱ्या सिलिंडरमध्ये झिरपलं होतं आणि ट्रॅक्टर वर्षानुवर्षं तसाच उभा, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या. त्याआधीही इंजिन दमलेलंच होतं. हा ट्रॅक्टर टीव्हीओवर चालायचा, म्हणजे रॉकेलच्या जवळपासचं एक स्वस्त तेल. एका टाकीचे दोन कप्पे. छोट्या कप्प्यातल्या पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापलं की तेलाची चावी फिरवायची. स्वस्त पडायचं खरं, पण इंजिन पुरेसं तापलेलं नसेल तर न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरायचं आणि ऑइल पातळ करून टाकायचं. पातळ ऑइलवर बेअरिंगा किती टिकणार? आता टीव्हीओ विकत मिळत नाही, लोक रॉकेल आणि पेट्रोलचं मिश्रण करतात. मी सरळ पेट्रोलच घालतो.

हेड काढलं आणि मग ह्या इंजिनाची खरी खुबी समोर आली. बऱ्याच इंजिनांत सिलिंडर म्हणजे बीडाच्या ब्लॉकमध्येच कोरलेलं भोक असतं. ते झिजलं की ब्लॉक उचलून कारखान्यात न्यायचा, बोअर मोठा करून घ्यायचा, मापाचे मोठे पिस्टन आणायचे. इथे तसं नाही. ह्यातले चारही सिलिंडर म्हणजे सुट्या नळ्या आहेत, ब्लॉकमध्ये नुसत्या उभ्या केलेल्या. बाहेरून त्यांना थंड करणारं पाणी थेट लागतं, म्हणून त्यांना वेट लायनर म्हणतात. खाली ब्लॉकच्या कडेवर एक पातळ गॅस्केट, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, दोन लायनरना मिळून एक. वरून हेड घट्ट दाबलं की लायनर जागच्या जागी. खालून लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हातानं ठोकायचं, की झिजलेला सिलिंडर वर येतो. दुसऱ्या दिवशी नवा घालायचा. बोअर मशीन नको, कारखाना नको. पिस्टन, रिंगा, लायनर असा अख्खा संच एका खोक्यात येतो आणि सत्तर वर्षांच्या ट्रॅक्टरसाठी तो आजही नवा बनतो, कारण पाच लाखांतले हजारो अजून जिवंत आहेत.

'हलक्या हातानं' लिहिणं सोपं आहे. माझ्या तिसऱ्या लायनरनं तीन आठवडे घेतले. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की वरून थोडं डिझेल सोडायचं, दोन टोले द्यायचे, झोपायचं. लायनर निघाले तेव्हा त्यांच्या बुडाशी पाण्याच्या वाटेत बोटभर गाळ साचलेला, चहाच्या चोथ्यासारखा. तो सगळा खरवडून काढला, कारण गॅस्केट बसते ती कड आरशासारखी स्वच्छ नसेल तर पुढचं सगळंच व्यर्थ. ब्लॉकला तडा आहे का ते भिंग घेऊन पाहिलं. इंग्लंडातल्या थंडीत ही मोठी धास्ती. इंजिनातलं पाणी रात्री गोठलं की फुगतं आणि बीडाचा ब्लॉक फोडतं. म्हणून त्या काळी शेतकरी रोज संध्याकाळी तोटी उघडून पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी पुन्हा भरायचे. ज्या संध्याकाळी कुणी विसरला, त्या ट्रॅक्टरचा शेवट. माझ्या ट्रॅक्टरचा कुणीतरी मालक कधीच विसरला नाही. ब्लॉक शाबूत होता.

क्रँकशाफ्ट मात्र घरी होण्यासारखा नव्हता. मायक्रोमीटर लावून पाहिलं तर जिथे गोल असायला हवा तिथे किंचित लंबगोल झालेला. तो गावातल्या मशिन शॉपवाल्याकडे दिला, त्यानं दहा थाऊ घासून गोल करून दिला, त्या मापाची नवी बेअरिंगं आणली. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हा शब्द मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेलो नाही, तो मामाच्या गावी मिस्त्रींकडून शिकलो, आणि इथल्या मशिन शॉपमध्ये तोच शब्द ऐकून फार बरं वाटलं.) वॉल्व्ह हातानं घासून बसवले. टोकाला रबरी कप असलेली काठी दोन तळहातांत धरून, ताक घुसळताना रवी फिरवतो तशी फिरवायची. मध्ये ग्राइंडिंग पेस्ट. पिस्टनची पिन सहज जावी म्हणून पिस्टन गरम पाण्यात टाकतात, त्यासाठी बायकोनं एक जुनं पातेलं दिलं आणि ते परत स्वयंपाकघरात येणार नाही असं बजावलं.

ह्या सगळ्यात एक माप सगळ्यात महत्त्वाचं. लायनर बसवल्यावर त्याची वरची कड ब्लॉकच्या पातळीच्या तीन ते पाच थाऊ वर यायला हवी. केसाच्या जाडीएवढी म्हणा ना. तेवढी वर असेल तरच हेड त्याला दाबून धरतं. कमी असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि महिन्याभरात पुन्हा पहिला पाढा. आणखी एक म्हणजे लायनर घातले आणि हेड अजून बसलेलं नाही अशा वेळी क्रँक फिरवायचा नाही. फिरवला तर पिस्टन लायनरलाच वर घेऊन येतो आणि खालची गॅस्केट हलते. हे आजोबांनी मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी चारही लायनरवर वॉशर आणि नट लावून ते जखडूनच टाकले.

मार्चमध्ये एका रविवारी इंजिन सुरू झालं. फर्गीला वेगळं स्टार्टरचं बटण नाही. गिअरचा दांडाच 'एस' खुणेकडे ढकलायचा, म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर सुरू होऊन अंगावर यायची भीतीच नाही. ऑइल प्रेशरचा काटा वर चढला, निळसर धूर निघाला आणि मग तो थांबला. ह्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. सुरू झालेलं इंजिन हे सुरू न झालेल्या इंजिनापेक्षा कमी बोलतं.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर 'जुनं ते सोनं' असा गैरसमज होईल. हा ट्रॅक्टर आजच्या मानानं धोक्याचाच आहे. उलटला तर डोक्यावर काही नाही. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरला संरक्षक सांगाडा सक्तीचा व्हायला १९७० साल उजाडावं लागलं, आणि तोवर फर्गीवरूनही माणसं मेली. त्याचा धूर आज कुठल्याच नियमात बसणार नाही. आणि हॅरी फर्ग्युसन काही मुक्तहस्ते ज्ञान वाटणारा संत नव्हता. विलक्षण काटेकोर, टापटिपीचा, भांडखोर माणूस. त्याचा सांधा त्याच्याच अवजारांसाठी होता, अवजारं त्याच्याच ट्रॅक्टरसाठी, आणि कुणी नक्कल केली तर तो कोर्टात. फोर्डवरचा खटला चार वर्षं चालला आणि १९५२ साली, म्हणजे माझा ट्रॅक्टर बॅनर लेनवर जोडला जात होता त्याच वर्षी, ब्याण्णव लाख पन्नास हजार डॉलरवर तडजोड झाली. मागितलेल्या रकमेच्या मानानं अगदीच किरकोळ. तोवर मुख्य पेटंटांच्या मुदती संपत आल्या होत्या, आणि ज्या सांध्यासाठी तो इतका भांडला तो जगातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानं उचलला. तरी ट्रॅक्टर विकल्यावर तो उघडायचा हक्क शेतकऱ्याचाच, ह्याबद्दल फर्ग्युसनच्या मनातही शंका नव्हती. कारखान्याची दुरुस्ती-पुस्तिका आहे, तिच्यात प्रत्येक माप आहे, आणि त्या पुस्तिकेच्या जोरावरच माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यानं हे इंजिन उभं केलं.

१९५३ मध्ये फर्ग्युसननं आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक पडत होता तेव्हा त्यानं नाणेफेक करायचं सुचवलं, आणि हरला. १९५८च्या ४ जानेवारीला एडमंड हिलरी तीन फर्गी घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचला, वाटेत कडाक्याच्या थंडीत उघड्यावर त्यांची डागडुजी करत. १९६० साली फर्ग्युसन गेला. त्याच वर्षी मद्रासला टॅफे ही कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन भारतात बनू लागला. इथून ही गोष्ट आमच्या मामांच्या दारात येते.

मामांचं गाव वाळवा तालुक्यात, सगळा उसाचा मुलूख. त्यांची लाल 'मॅसी' १०३५ ही ह्याच राखाडी फर्गीची नात. सांधा तोच, लिफ्ट त्याच कुळातली, फक्त इंजिन तीन सिलिंडरी डिझेल, पर्किन्सच्या घराण्यातलं, मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं केलेलं. माझ्या लहानपणी एका मे महिन्यात त्या इंजिनाचं काम निघालं. पलूसहून मिस्त्री आले, एक गोणपाट, एक पत्र्याची पेटी आणि एक पोऱ्या घेऊन. चिंचेखाली ट्रॅक्टर उघडला. एकेक भाग डिझेलमध्ये धुऊन गोणपाटावर मांडला, ओळीनं, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं. आम्हा मुलांना त्या गोणपाटापलीकडे पाऊल टाकायला बंदी. मिस्त्री किर्लोस्करवाडीला कारखान्यात काम केलेले. किर्लोस्करवाडी तिथून हाकेच्या अंतरावर, आणि त्या मुलखाला लोखंड आणि शेत ह्यांचं नातं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात, लोखंडानं जमीन नासते म्हणून. त्याच मुलखात साठ-सत्तर वर्षांनी गावोगाव असा एकेक माणूस होता, ज्याला इंजिनाचं पोट उघडून पुन्हा शिवता यायचं. पाचव्या दिवशी मॅसी चालू झाली. मामीनं नारळ फोडला.

हे काही मिस्त्रींचं एकट्याचं कौशल्य नव्हे. उघडता येईल अशी यंत्रं होती म्हणून असे मिस्त्री घडले, आणि असे मिस्त्री होते म्हणूनच कंपनीच्या वर्कशॉपपासून पन्नास-पन्नास मैलांवर ट्रॅक्टर खपले. आपल्याकडे हरितक्रांतीच्या गोष्टीत बियाणं येतं, खत येतं, पाणी येतं. चिंचेखालचं गोणपाट कुणी लिहीत नाही.

आता त्याची दुसरी बाजू. अमेरिकेत गेली दहा वर्षं शेतकरी आणि कंपन्या ह्यांच्यात भांडण चालू आहे. जॉन डिअरनं २०१५ साली तिथल्या कॉपीराइट कार्यालयापुढे असं म्हणणं मांडलं होतं की ट्रॅक्टर शेतकऱ्याचा असला तरी त्यातल्या सॉफ्टवेअरचा त्याला फक्त वापराचा परवाना मिळतो. त्याच वर्षी त्या कार्यालयानं दुरुस्तीपुरती सूट दिली; २०२३ साली कोलोराडो राज्यानं शेतीयंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला; जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानं ह्याच मुद्द्यावर जॉन डिअरवर दावा लावला. आपल्याकडे हे सगळं लांबचं वाटतं, पण जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्याबरोबर डिझेल मोजून सोडणारं इलेक्ट्रॉनिक डोकं आलं. नियम चुकीचे आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. मामांच्या मॅसीचा काळा धूर मी गिळलेला आहे. प्रश्न एवढाच, की त्या डोक्याची किल्ली कुणाच्या खिशात?

गेल्या हंगामात मामेभावाच्या नव्या ट्रॅक्टरचा दिवा लागला आणि इंजिन जोर धरेना. ऐन ऊसतोडीत. त्यानं पहिल्यांदा पलूसला फोन केला. मिस्त्री आता थकलेत, त्यांचा तेव्हाचा पोऱ्याच काम बघतो. तो आला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "दादा, इंजिन चांगलं हाय. ह्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचायचं यंत्र माझ्याकडं न्हाई, आणि मला कोण देत बी न्हाई." कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन चौथ्या दिवशी आला, एक सेन्सर बदलला आणि वीस मिनिटांत गेला. मधले तीन दिवस उसाच्या ट्रॉल्या मामांच्या जुन्या मॅसीनं ओढल्या, आणि वरची पट्टी तुटलेली ती सीट मामांनी त्या तीन दिवसांत दुसऱ्या कुणाला दिली नाही.